हलका प्रोपेलर शाफ्ट घालावा का? आधी हिशेब, मग पाना

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच, थोडक्यात डिफ) जो लांब दांडा जातो, त्याला आपल्या गॅरेजमध्ये प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. परदेशी दुकानांच्या पानांवर तोच ड्राइव्हशाफ्ट या नावाने विकला जातो. डिफपासून चाकांपर्यंत जाणारे आडवे एक्सल वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही. लोखंडी शाफ्ट काढून अ‍ॅल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरचा घातला की गाडी हलकी होते, पिकअप सुधारतो, डायनोवर (रोलरवर गाडी चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) ५-१० अश्वशक्ती जास्त दिसते, असं सांगितलं जातं. यातला पहिला भाग खरा आहे. बाकीचं तपासून घ्यावं लागतं, आणि तपासायला शाळेतलं गणित पुरतं.

उदाहरणासाठी सहाव्या पिढीची फोर्ड मस्टँग जीटी घेऊ, म्हणजे एस५५० हे सांकेतिक नाव असलेली, २०१५ पासूनची गाडी. भारतात ती २०१६ मध्ये ५ लिटर व्ही८ इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आली. पुण्या-मुंबईत आजही ती दिसते, अमेरिकेतल्या मराठी घरांच्या गॅरेजमध्ये तर अधिकच. या गाडीला हे उदाहरण चपखल बसतं, कारण कारखान्यातून तिच्यात दोन तुकड्यांचा लोखंडी शाफ्ट येतो, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं, आणि बाजारात मिळणारा पर्याय म्हणजे एका तुकड्याची अ‍ॅल्युमिनियमची नळी. मूळ शाफ्ट साधारण १७-१८ किलोचा, नवा ९ किलोच्या आसपास. किंमत अमेरिकेत हजार डॉलरच्या आगेमागे. कार्बनचा घेतला तर त्याहून बरीच जास्त, आणि भारतात मागवायचा तर वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं.

वजन कमी झालं, मग वेग किती वाढला?

फिरणाऱ्या वस्तूचं वजन कमी केलं की दुहेरी फायदा होतो: गाडी ओढायला हलकी होते आणि ती वस्तू फिरवायलाही कमी ताकद लागते. दुसरा फायदा किती मोठा, हे वस्तुमान अक्षापासून किती लांब आहे यावर ठरतं. जडत्व म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. चाकाचं वजन अक्षापासून २०-३० सेंटिमीटरवर असतं, शाफ्टचं जेमतेम ३-४ सेंटिमीटरवर. खरी गोम इथेच आहे.

मूळ शाफ्ट १७.५ किलोचा आणि त्याची परिणामी त्रिज्या (सगळं वस्तुमान अक्षापासून जणू याच अंतरावर आहे असं मानून) ३५ मिमी धरली, तर जडत्व येतं ०.०२१४ किलो-चौरस मीटर. नवा ९ किलोचा, पण त्याची नळी जाड व्यासाची असल्यामुळे वस्तुमान थोडं बाहेर सरकतं. ३८ मिमी धरू, जडत्व ०.०१३०. फरक ०.००८४. डिफचं प्रमाण ३.५५ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.५५ फेरे) आणि टायरची धावती त्रिज्या ०.३४ मीटर असेल, तर या फरकाला ३.५५ भागिले ०.३४ याच्या वर्गाने, म्हणजे १०९ ने गुणायचं. उत्तर येतं ०.९ किलो. फिरण्यातली सगळी बचत ही एवढी, गाडीतून एक लिटरची पाण्याची बाटली काढल्यासारखी. मूळ वजनातली ८.५ किलोची बचत मिळवली तर साडेनऊ किलो. गाडी १,७०० किलोची. अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त. शून्य ते शंभरला साडेचार सेकंद लागत असतील, तर सगळं जमून आल्यावर २५ मिलिसेकंद वाचतील. ड्रायव्हरने क्लच सोडण्यात एका वेळी आणि दुसऱ्या वेळी याच्या कित्येक पट फरक पडतो.

नळी फार रुंद घेतली तर ही बचतही जाते. तोच ९ किलोचा शाफ्ट ४५ मिमी परिणामी त्रिज्येचा निघाला, तर जडत्व ०.०१८ च्या वर पोचतं, म्हणजे लोखंडी शाफ्टच्या जवळपास. वजनकाट्यावर निम्मा, फिरवायला मात्र जवळजवळ तेवढाच जड.

आता हेच गणित दुसऱ्या भागांना लावून बघा. फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती) ५ किलोने हलकं केलं आणि ते वजन अक्षापासून सरासरी १०० मिमीवर होतं असं धरलं, तर पहिल्या गिअरमध्ये, ३.६६ प्रमाणाला, ती बचत ७० किलोंच्या वर भरते. तिसऱ्या गिअरमध्ये साधारण १५ किलो. शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे असतो, त्यामुळे खालच्या गिअरमध्ये तो इंजिनपेक्षा खूप सावकाश फिरतो. जिथे प्रवेग सर्वांत जास्त, तिथे फ्लायव्हीलची बचत वाढते, शाफ्टची मात्र प्रत्येक गिअरमध्ये तेवढीच राहते. चारही चाकं प्रत्येकी ३ किलोने हलकी केली तर १७ किलोंचा फायदा, शिवाय सस्पेन्शनचं काम सुधारतं. फक्त वेगासाठी पैसे खर्च करायचे असतील तर यादीत शाफ्टचा नंबर खूप खाली आहे. आधी चांगले टायर, ब्रेक पॅड, मग चाकं.

डायनोच्या आकड्यांचंही बघू. चौथ्या किंवा पाचव्या, ज्या गिअरचं प्रमाण एकास एक आहे, त्यात २,००० ते ६,५०० आरपीएम जायला १० सेकंद लागत असतील, तर शेवटच्या टोकाला ०.००८४ एवढं जडत्व फिरवायला जेमतेम २७० वॅट लागतात. म्हणजे एक तृतीयांश अश्वशक्ती. ५ किंवा १० अश्वशक्तीचा फरक दाखवणारा कागद तुमच्यासमोर ठेवला, तर दोन चाचण्यांमधलं हवेचं तापमान, इंजिनची उष्णता, टायरचा दाब आणि गाडी रोलरवर बांधण्याचा ताण विचारा. स्थिर वेगाला तर हलक्या शाफ्टने शक्ती वाढूच शकत नाही.

मग लोक बदलतात ते कशासाठी

तीन कारणं खरी आहेत. पहिलं, ताकद. अमेरिकी मस्टँग जीटीच्या इंजिनाचा ५४२ न्यूटन-मीटर टॉर्क पहिल्या गिअरमध्ये शाफ्टपर्यंत साधारण १,९८० न्यूटन-मीटर होऊन येतो. रस्त्यावरचे टायर एवढं सहन करत नाहीत, अर्ध्यावरच घसरतात, आणि घसरणारा टायर शाफ्टला वाचवतो. ड्रॅग रेसचे चिकट टायर लावले, सुपरचार्जर बसवला, क्लच एकदम सोडायला लागलात, की हा बचाव संपतो. मग मधला जॉइंट आणि सेंटर बेअरिंगचं रबर आधी जातं. दुसरं कारण, सेंटर बेअरिंग आधीच गेलेलं असणं. ते बहुधा सुटं मिळत नाही, पूर्ण शाफ्टच घ्यावा लागतो, आणि कारखान्याच्या भागाची किंमत एका तुकड्याच्या अ‍ॅल्युमिनियम शाफ्टच्या जवळ जाते. अशा वेळी बदल शहाणपणाचा ठरू शकतो. तिसरं, एका तुकड्यात भाग कमी, रबराचा ढिलेपणा कमी. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना जी 'ठक' बसते ती कमी होते आणि प्रतिसाद थेट वाटतो. डायनोच्या कागदाचा आणि या जाणवण्याचा काही संबंध नाही, पण फरक खरा असतो.

गाडी स्टॉक (कारखान्यातून आली तशी) असेल, शाफ्ट धड असेल, रोज ऑफिसला नेत असाल, तर आमचं मत स्पष्ट आहे: हात लावू नका.

काही गाड्यांत तर प्रश्नच उद्भवत नाही. निसान ३५०झेड आणि माझदा आरएक्स-८ कारखान्यातूनच कार्बनचा शाफ्ट घेऊन आल्या; त्यांना अ‍ॅल्युमिनियम घालणं म्हणजे पैसे देऊन मागे जाणं. एमएक्स-५ चा शाफ्ट मुळातच आखूड आणि हलका. बीएमडब्ल्यूने २०१४ च्या एम३ आणि एम४ ला कार्बनचा एकसंध शाफ्ट दिला होता आणि २०१७ च्या अखेरीस तो काढून पुन्हा लोखंडी बसवला, कारण एक्झॉस्टमध्ये कण गाळणाऱ्या फिल्टरला जागा हवी होती. एवढ्या मोठ्या कंपनीने जागेसाठी कार्बन सोडून दिला, यावरून वजनातल्या बचतीचं खरं मोल कळतं.

ज्या गोष्टीने गाडी मोडते: क्रांतिक वेग

विकत घेण्याआधी हा भाग नीट वाचा. लांब, पातळ नळी वेगात फिरायला लागली की एका ठरावीक आरपीएमला ती धनुष्यासारखी वाकून गरगरते, दोरीवरच्या उड्या मारताना दोरी फुगते तशी. त्याला क्रांतिक वेग म्हणतात. त्याच्या जवळ गेलं की थरथर वाढते, त्याच्यावर पोचलं की नळी वाकते किंवा तुटते. तुटलेला शाफ्ट गाडीच्या तळाशी त्याच्यासाठी असलेल्या बोगद्यात फटके मारत इंधनाची आणि ब्रेकची नळी तोडू शकतो.

लोखंडापेक्षा अ‍ॅल्युमिनियम हलकं, म्हणून त्याचा क्रांतिक वेग जास्त, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. ताठरपणा भागिले घनता हे प्रमाण दोन्ही धातूंचं जवळजवळ सारखं आहे, त्यामुळे त्याच मापाच्या नळीचा क्रांतिक वेग दोन्हींत तोच येतो. फरक पडतो व्यासाने आणि लांबीने. अंदाजासाठी हे सूत्र लिहून ठेवा: नळीचा सरासरी व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला १६.८ कोटींनी गुणा, आणि जॉइंटच्या केंद्रापासून केंद्रापर्यंतच्या लांबीच्या वर्गाने भागा, लांबीही मिलिमीटरमध्ये. उत्तर आरपीएममध्ये येतं. जॉइंट आणि बेअरिंग काही भिंतीत चिणलेली नसतात, म्हणून त्या उत्तराच्या ७५ टक्क्यांच्या वर शाफ्ट कधीच फिरवू नये.

१,४०० मिमी लांबीला ही उत्तरं येतात. ३ इंची नळी: क्रांतिक वेग साधारण ६,२५०, सुरक्षित ४,७००. साडेतीन इंची: ७,३५० आणि ५,५००. ४ इंची: ८,४५० आणि ६,३००. आता आपला शाफ्ट किती फिरतो ते काढा. टायरचा धावता परीघ २.१४ मीटर, डिफ ३.५५. ताशी १०० किलोमीटरला शाफ्ट सुमारे २,७६५ आरपीएमवर असतो, २०० ला ५,५३० वर आणि २५० ला ६,९०० च्या वर. साडेतीन इंची एका तुकड्याच्या शाफ्टची सुरक्षित मर्यादा म्हणजे ताशी २०० किलोमीटर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला मर्यादाच १०० ची, तिथे काहीही होणार नाही. पण इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर किंवा जर्मनीच्या ऑटोबानवर गाडी मोकळी सोडलीत, तर तीच गाडी स्टॉक शाफ्टवर निर्धास्त धावेल आणि 'सुधारलेल्या' शाफ्टवर धोक्यात येईल.

कारखान्याने दोन तुकडे का केले याचं उत्तरही यातच आहे. लांबी निम्मी केली की क्रांतिक वेग चौपट होतो. ७०० मिमीच्या तुकड्याला बारीक ६० मिमीची नळीही २०,००० आरपीएमच्या पुढे पुरते. सेंटर बेअरिंगचं जादा वजन दिलं, बदल्यात वरच्या वेगाची काळजी संपवली. डिफ ३.३१ चा असेल तर मर्यादा थोडी वर जाते, ३.७३ चा असेल तर खाली येते; प्रमाण बदलून जोरदार पिकअप घ्यायचा आणि त्याच वेळी एका तुकड्याचा शाफ्ट घालायचा, ही जोडी तर विशेष सांभाळून करावी. कार्बनचा फायदा इथे खरोखर दिसतो: तंतू लांबीच्या दिशेने जास्त घातलेल्या नळीचा क्रांतिक वेग त्याच मापाच्या धातूच्या दीडपटीच्या आसपास नेता येतो. वेगवान ट्रॅकसाठी एकसंध शाफ्ट हवाच असेल तर कार्बनच घ्यावा.

मागवताना काय विचारायचं

विक्रेत्याकडून हे लेखी घ्या: नळीचा व्यास, भिंतीची जाडी, जॉइंटच्या केंद्रांमधली लांबी, मिश्रधातू (६०६१-टी६ हा नेहमीचा), क्रॉसचा (जॉइंटच्या मधल्या, अधिक चिन्हासारख्या तुकड्याचा) आकार, आणि बॅलन्स किती आरपीएमवर केला. क्रॉसचे आकार आकड्यांनी ओळखले जातात. १३१० आणि १३३० या दोन्हींच्या टोप्यांचा (टोकांवरच्या बेअरिंगच्या) व्यास २७ मिमी, फक्त १३३० रुंद. १३५० ची टोपी ३०.२ मिमी. ताकदवान व्ही८ ला १३५० च घ्या. ग्रीस भरता येणाऱ्या क्रॉसमध्ये आतून भोकं पाडलेली असतात, त्यामुळे बंद क्रॉस थोडा जास्त मजबूत. पण पावसाळ्यात पाण्यातून जाणाऱ्या गाडीला ग्रीस भरता येणं जास्त मोलाचं.

बॅलन्सबद्दल आकडा मागायला लाजू नका. शाफ्टसाठी बॅलन्सची जी१६ ही प्रत सर्रास वापरतात; आकडा जितका लहान तितका बॅलन्स अचूक. ९ किलोच्या, साडेतीन इंची शाफ्टला ५,००० आरपीएमवर याचा अर्थ होतो दर टोकाला साधारण ३ ग्रॅम. जी६.३ प्रतीत हीच सूट १.२ ग्रॅमवर येते. वाळलेल्या चिखलाचं ढेकूळ याहून जड असतं, एवढी ही गोष्ट नाजूक आहे. आपल्याकडे ट्रक-जीपचे शाफ्ट बॅलन्स करणारी दुकानं आहेत आणि त्यातले कारागीर हुशारही असतात, पण यंत्र कितीवर फिरतं ते आधी विचारा. हजार-दीड हजार आरपीएमवर ठीक निघालेला शाफ्ट पाच हजारांवर ठीक असेलच असं नाही.

किटमध्ये एका टोकाला सीव्ही जॉइंट (कोनातही वेग सारखा ठेवणारा) आणि दुसऱ्या टोकाला क्रॉस असेल तर त्याचा कोनांवर परिणाम होतो. ते पुढे येईल.

बसवण्याआधीची मापं

गाडी चारही चाकांवर सारख्या उंचीला उभी राहील अशा लिफ्टवर किंवा रॅम्पवर घ्या. चाकं लटकत ठेवून घेतलेले कोन खरे नसतात. डिजिटल कोनमापक लागेल, अर्ध्या अंशाखालचा फरक दाखवणारा. तीन ठिकाणी कोन घ्या: गिअरबॉक्सचा फ्लँज (शाफ्ट बोल्टने जिथे जोडतात ती चकती), शाफ्टची नळी, डिफचा फ्लँज. जुना शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर नव्या शाफ्टची रेषा दोन फ्लँजच्या केंद्रांमध्ये दोरा ताणून काढा.

क्रॉस कोनात फिरला की मागची बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होते. ३ अंशांवर हा चढउतार ०.१४ टक्के, १० अंशांवर दीड टक्का. दोन्ही टोकांना क्रॉस असतील आणि दोन्हींचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा पुसतो. उदाहरणार्थ गिअरबॉक्स दीड अंश खाली, शाफ्ट तीन अंश खाली, डिफ पुन्हा दीड अंश: पुढे दीड, मागे दीड, हिशेब जुळला. दोन्हींतला फरक अर्ध्या अंशाच्या आत आणा, एक अंशाच्या पुढे गेला तर थरथर नक्की. प्रत्येक कोन ३ अंशांच्या आत, पण अगदी शून्यही नको. निदान अर्धा अंश हवा. शून्यावर सुईसारखे रोलर जागच्या जागी राहतात आणि क्रॉसवर खाचा पाडतात.

एका टोकाला सीव्ही असेल तर तो वेग सारखाच ठेवतो, म्हणून क्रॉसची चूक पुसायला दुसरं कुणीच नसतं. अशा किटमध्ये क्रॉसकडचा कोन एक-दीड अंशाच्या आत ठेवणं हाच उपाय. हे न पाहिल्यामुळेच 'शाफ्ट बॅलन्स केला तरी गाडी घुमते' अशी तक्रार येते.

कोन सुधारायचा तर गिअरबॉक्सच्या माउंटखाली पत्र्या घाला. इंजिन माउंटपासून गिअरबॉक्स माउंटचं अंतर ९०० मिमी धरलं तर ५ मिमीच्या पत्रीने एक तृतीयांश अंश बदलतो. इंजिन माउंट बसलेले असतील तर आधी ते बदला. झुकलेल्या इंजिनावर मोजलेले कोन वाया जातात.

काम

१. एक्झॉस्ट पूर्ण गार होऊ द्या. बॅटरी काढा, गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना अडसर. मधला एक्झॉस्ट, उष्णतेचा पत्रा आणि बोगद्याखालची आडवी पट्टी काढावी लागते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीला तीन-चार तासांचं काम, पहिल्यांदा करत असाल तर अख्खा दिवस धरा.

२. दोन्ही फ्लँजवर आणि जुन्या शाफ्टवर रंगाने खुणा करा. पुढेमागे जुना परत घालायची वेळ आली तर त्याच जागी बसला पाहिजे.

३. हँडब्रेक ओढून बोल्ट सैल करा, मग शाफ्ट फिरवायला ब्रेक सोडा, पुन्हा ओढा. बोल्ट न निघाल्यास इम्पॅक्ट पान्याने हाणण्याआधी भेदक तेल टाकून अर्धा तास थांबा. डोकं गोल झालेला बोल्ट या अरुंद जागेत फार त्रास देतो.

४. सेंटर बेअरिंगचे बोल्ट सर्वांत शेवटी काढा आणि त्या वेळी खाली दोन माणसं असू द्या. दोन तुकड्यांचा शाफ्ट मध्येच दुमडतो. एका टोकाला लटकत राहिला की जॉइंट आपल्या मर्यादेपलीकडे वाकतो आणि त्याच्यावरचा रबरी बूट फाटतो.

५. डिफच्या फ्लँजवरचा गंज वायर ब्रशने पूर्ण काढा, विशेषतः मधल्या उंचवट्याभोवतीची कडी. एक दशांश मिलिमीटरचा मळही शाफ्टला केंद्रातून बाहेर काढतो. इथेच डायल गेज लावून फ्लँजचा डगमग, म्हणजे फिरताना तो किती इकडेतिकडे होतो ते, मोजा, ०.१५ मिमीच्या वर असेल तर दोष शाफ्टमध्ये शोधत बसू नका. फ्लँज हाताने वरखाली हलतो का, तेल गळतंय का, तेही पाहा. मधल्या मोठ्या नटाला हात लावू नका. त्याच्यावर पिनियन बेअरिंगचा पूर्वताण बसवलेला असतो, आणि तो नट कसला किंवा सैल केला की डिफ रडायला लागतो.

६. नवा शाफ्ट आधी मागच्या बाजूला टेकवा, मग पुढे. अडॅप्टर फ्लँज ठोकून बसवू नका. बसत नसेल तर कुठेतरी रंग किंवा धातूची खरखरीत कड आहे, ती काढा.

७. बोल्ट नवे, आट्या ब्रेक क्लीनरने स्वच्छ, वर निळा थ्रेड लॉकर. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन टप्प्यांत ताणा. टॉर्कचा आकडा किटच्या कागदावरचा घ्या. तो नसेल तर पोलादी फ्लँजमधल्या १०.९ प्रतीच्या एम१० बोल्टला ६५ ते ७० न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण अंदाज आहे, पण अ‍ॅल्युमिनियममधल्या आट्यांना तो लावू नका. ताणून झाल्यावर प्रत्येक डोक्यावर रंगाची रेघ ओढा. सैल झालेला बोल्ट नुसत्या नजरेने कळतो.

८. नळीचा डगमग मोजा: मध्यावर अर्धा मिलिमीटर, टोकांजवळ पाव मिलिमीटर ही कमाल. नव्या शाफ्टमध्ये यापेक्षा जास्त आला तर परत पाठवा.

९. हाताने पूर्ण फेरा फिरवून सगळीकडे निदान १५ मिमी मोकळी जागा आहे का पाहा. रुंद नळी जुन्या बारीक शाफ्टच्या बोगद्यात बसवताना हँडब्रेकची केबल आणि एक्झॉस्टचा वाकडा भाग जवळ येतात. कार्बन असेल तर एक्झॉस्टपासून २५ मिमी तरी ठेवा आणि उष्णतेचा पत्रा परत बसवल्याशिवाय गाडी चालवू नका. उष्णतेपुढे धातूच्या आधी कार्बनचे तंतू धरून ठेवणारी राळ हार मानते.

ड्रॅग स्ट्रिपवर जाणार असाल तर शाफ्टभोवती सुरक्षा कडी हवीच. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेस संस्थेच्या नियमात ती ६ मिमीहून थोड्या जाड, ५० मिमी रुंद पोलादी पट्टीची, पुढच्या जॉइंटपासून १५० मिमीच्या आत असावी लागते. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते. कडी ते टोक वरच धरून ठेवते. रस्त्यावरच्या गाडीलाही ती लावावी असं आमचं मत आहे.

थरथर आली तर

नव्या शाफ्टनंतर आवाज वाढतोच, हे आधीच मान्य करा. मूळ शाफ्टमधलं रबर गिअरचे आणि डिफचे आवाज गिळत होतं. ते गेलं की ८०-१०० च्या दरम्यान बारीक कुईं किंवा घुमणारा आवाज केबिनमध्ये येतो. हा दोष नव्हे. सीट आणि स्टिअरिंग हलायला लागलं तर मात्र दोष आहे, आणि तो कुठला हे फोनवरच्या कंपन मोजणाऱ्या अ‍ॅपने कळतं. ताशी १०० ला, ३.५५ डिफवर, चाकाची वारंवारता १३ हर्ट्झ, शाफ्टची ४६ आणि शाफ्टच्या दुप्पट ९२. आलेखाचं टोक १३ वर दिसलं तर चाकं-टायर बघा. ४६ वर दिसलं तर बॅलन्स किंवा डगमग. ९२ वर दिसलं तर क्रॉसचे कोन, किंवा दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एकाच रेषेत वेल्ड झालेले नाहीत. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर येत असेल तर जोराने डिफ किंवा गिअरबॉक्स वळून कोन बदलतोय. माउंट आणि बुश तपासा.

४६ वाल्या दोषावर पहिला उपाय फुकट आहे: मागचे बोल्ट काढा, शाफ्ट फ्लँजवर १८० अंश फिरवून परत बसवा. फ्लँजची चूक आणि शाफ्टची चूक एकमेकांवर चढलेल्या असतील तर त्या एकमेकींना खोडतात. एवढ्याने भागलं नाही तर होज क्लॅम्प. मागच्या टोकाजवळ नळीवर ९० अंशांवर चार खुणा करा, स्क्रूचं डोकं पहिल्या खुणेवर ठेवून क्लॅम्प आवळा, फेरी मारा, मग दुसरी खूण. ज्या खुणेवर थरथर सर्वांत कमी, तिथे दुसरा क्लॅम्प लावून दोन्ही डोकी थोडी थोडी फाकवत अचूक जागा शोधा. कार्बनच्या नळीवर क्लॅम्प कधीही आवळू नका.

पुढची देखभाल

पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा १,००० नंतर बोल्टवरच्या रेघा बघा. ग्रीस निप्पल असलेल्या क्रॉसमध्ये दर ५,००० किलोमीटरला आणि पावसाळा संपल्यावर एकदा लिथियम कॉम्प्लेक्स ईपी२ ग्रीस भरा, चारही टोप्यांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. एका टोपीतून येत नसेल तर तो क्रॉस लवकरच जाणार. अ‍ॅल्युमिनियमला पोलादी बोल्ट जिथे टेकतात तिथे कोकणच्या खाऱ्या हवेत किंवा थंड देशांतल्या मिठाच्या रस्त्यांवर पांढरी भुकटी धरते. सहा महिन्यांनी धुऊन मेणाचा थर द्या. नळीवर दगडाचा खड्डा पडला तर तो घासून साफ करण्याच्या भानगडीत पडू नका. पातळ नळी पिळाखाली खड्ड्यापासूनच चुरगळते. कार्बनवर मार बसला तर वरून ओरखडा दिसतो आणि आतले थर सुटलेले असतात, म्हणून तो शाफ्ट बदलायचाच.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा, बिल जपून ठेवा. जर्मनीत राहत असाल तर मंजुरीचा कागद आधी पाहा, शाफ्ट नंतर मागवा.

आणि जुना शाफ्ट विकू नका. दोन्ही तुकडे आणि सेंटर बेअरिंग बोल्टसकट, आडवे, तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा. उभा टेकवून ठेवलेला शाफ्ट मधल्या जॉइंटवर भार घेत राहतो. नव्याचं जमलं नाही, किंवा गाडी विकताना घेणाऱ्याला स्टॉक हवी असेल, तर खुणा जुळवून तो परत बसवता येतो.